जर्मन भाषेची मधली पायरी

गेली काही वर्षे आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा विशी-पंचविशीतले असतात. कधी कधी त्यांचे आईवडीलच येतात. प्रश्न असा असतो की, जर्मन भाषेची जी बी 1 म्हणून परीक्षा आहे, ती ग्यॉटे संस्थेची द्यावी, टेल्कची द्यावी, की ऑस्ट्रियाची द्यावी? त्यांतली सोपी कोणती, आणि चालते कोणती? आम्ही आयुष्यभर हीच भाषा शिकत आणि शिकवत आलो, तेव्हा याचे उत्तर आमच्या खिशात तयार असेल अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते तयार नसते. आज उत्तर देण्यापूर्वी आम्ही एक प्रतिप्रश्न विचारतो : दाखला दाखवायचा कोणाला? या प्रतिप्रश्नाची किंमत आम्हाला उशिरा कळली. ती कशी कळली हे सांगायचे तर या परीक्षा जन्माला कशा आल्या तेथपासून सुरुवात केली पाहिजे.

पूर्वी आपल्याकडे जर्मन शिकणाऱ्याला दाखल्याची गरजच पडत नसे. लोकमान्य टिळक 1908 ते 1914 या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी पुस्तकांच्या आधारे जर्मनचा अभ्यास केला, आणि तो कशासाठी, तर जर्मन पंडितांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत यासाठी. त्यांची परीक्षा कोण घेणार होते? इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रात डॉक्टर होऊन परतल्या. रा. ना. दांडेकरांनी 1938 साली हायडेलबर्गला वैदिक मानवाविषयीचा आपला प्रबंध जर्मन भाषेतच सादर केला. ज्याने जर्मनमध्ये प्रबंध लिहिला त्याला जर्मन येते की नाही, असे विचारण्याचा प्रसंग येत नाही. भाषा हे त्या पिढीचे साधन होते. तिच्या ज्ञानाचा वेगळा कागद असू शकतो आणि तो कागद खिडकीतून आत सरकवावा लागतो, ही कल्पना त्यांना विचित्रच वाटली असती.

हा कागद प्रथम निर्माण केला तो जर्मनीतल्या लोकविद्यालयांनी. त्यांना तिकडे फोल्क्सहोखशूले म्हणतात. दिवसभर कामावर राबणाऱ्या माणसाने संध्याकाळी येऊन इतिहास ऐकावा, चित्रकला शिकावी, परभाषा शिकावी, यासाठी गावोगाव चाललेल्या या संस्था. त्यांचे मूळ डेन्मार्कमध्ये, ग्रुंटव्हिग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांत आहे. त्या विचारांवर पहिली शाळा 1844 साली निघाली. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली जर्मनीने जी राज्यघटना केली, तिच्या 148 व्या कलमात या लोकविद्यालयांना सरकारने साहाय्य करावे असे स्पष्ट लिहिले आणि त्याच वर्षी ती शेकड्यांनी उभी राहिली. ज्या व्यासपीठावरून आम्ही हे बोलत आहो त्याची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपर्यंत पोचते, हे येथे सहज आठवते. हेतू बराचसा एकच, की शाळा सुटलेल्या माणसाला ज्ञान मिळावे. आपल्या श्रोत्याला व्याख्यान संपल्यावर कोणी गुण देत नाही. लोकविद्यालयांतही प्रारंभी कोणी देत नसे. उलट परीक्षा नाही याचाच तेथील जुन्या कार्यकर्त्यांना अभिमान असे.

मग परीक्षा आली कशी? दुसऱ्या महायुद्धात देश उद्ध्वस्त झाला, आणि पुढच्या दहा वर्षांत कारखान्यांना माणसे पुरेनाशी झाली. 1955 च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीने इटलीशी मजूर पाठविण्याचा करार केला. त्यामागून 1960 साली स्पेन आणि ग्रीस, 1961 साली तुर्कस्तान, 1964 साली पोर्तुगाल, 1968 साली युगोस्लाव्हिया असे करार होत गेले. 1964 च्या सप्टेंबरात कोलोन शहराच्या डॉइट्स स्थानकावर दहा लाखावा पाहुणा-कामगार उतरला. तो एक पोर्तुगीज सुतार होता. त्याचे बँड वाजवून स्वागत झाले आणि त्याला एक मोपेड भेट मिळाली. भाषा मात्र त्याला कोणी शिकविली नाही. पाहुणा आहे, दोन-चार वर्षांनी परत जाईल, मग भाषेचा खटाटोप कशाला, असा हिशेब होता. हे कामगार यंत्रापाशी उभे राहून जे जर्मन शिकले, त्यात क्रियापदे चालवली जात नसत आणि उपपदांना रजा असे. पुढे 1970 नंतरच्या दशकात हायडेलबर्गच्या भाषाशास्त्रज्ञांनी त्या बोलीचा रीतसर अभ्यास केला. ज्यांना कोणी शिकविले नाही, त्यांच्या चुका निदान अभ्यासविषय तरी झाल्या!

याच सुमारास लोकविद्यालयांचे धोरण पालटले. त्यांचा मध्यवर्ती संघ 1953 साली स्थापन झाला होता. नोकरी करणारा माणूस संध्याकाळचे दोन तास खर्चतो, तेव्हा त्याला मालकापुढे ठेवता येईल असे काहीतरी हाती मिळाले पाहिजे, असे 1960 नंतर या संघात बोलले जाऊ लागले. दुसरीकडे म्यूनिकमध्ये ग्यॉटे संस्था उभी होती. 1925 सालची जर्मन अकादमी नाझी राजवटीच्या प्रचारात गुंतली म्हणून युद्धानंतर दोस्तांनी ती मोडून टाकली. तिच्या जागी 1951 साली ही संस्था निघाली. परदेशांतल्या जर्मन शिक्षकांना तयार करणे हे तिचे पहिले काम. 1952 साली अथेन्सला तिची पहिली परदेशी शाखा निघाली, आणि 1957 साली ती कलकत्त्यास आली. हिंदुस्थानात ती मॅक्समुल्लरच्या नावाने वावरते. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारा हा पंडित जन्मात एकदाही हिंदुस्थानात आला नव्हता, हा त्या नावातला गमतीचा भाग.

या दोन संस्था एकत्र आल्या आणि 1970 नंतर लगेचच त्यांनी 'परभाषा म्हणून जर्मन' या विषयाचे प्रमाणपत्र चालू केले. सुमारे 2 हजार शब्दांची यादी, व्याकरणातल्या रचनांची यादी, ऐकणे, वाचणे, एक पत्र आणि थोडे संभाषण, अशी त्याची बांधणी होती. आज आपण जिला मधली पायरी म्हणतो तिचे हे मूळ. पण त्या वेळी तिला कोणी मधली म्हणत नसे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जर्मन शिक्षकांच्या परिभाषेत ही पायाभूत टप्प्याची अखेर. मध्यम टप्पा तिच्या पुढे सुरू होई, आणि त्याच्या शेवटी 'मिटेलश्टूफे' म्हणजे शब्दशः मध्यम पायरीची परीक्षा असे. ती आजच्या मापाने वरून दुसऱ्या पातळीला भिडते. जुन्या पिढीतला कोणी 'मी मध्यम परीक्षा झालो' म्हणाला आणि आजच्या मुलीने तेच वाक्य उच्चारले, तर दोघांच्या जर्मनमध्ये दोन-तीन वर्षांच्या अभ्यासाचे अंतर असू शकते. आमच्याच वर्गात यावरून वाद झालेले आम्ही ऐकले आहेत. दोघेही खरेच बोलत होते.

पायऱ्यांची नावे बदलली ती युरोपातल्या एका मोठ्या खटाटोपामुळे. परक्या देशात कोणाचे साहाय्य न घेता आपले व्यवहार करू शकण्याइतकी भाषा म्हणजे किती, हे ठरविण्याचा प्रयत्न युरोप परिषदेने प्रथम इंग्रजीपुरता 1975 साली केला. जर्मनचा तसाच ग्रंथ 1980 साली निघाला. त्याला 'संपर्काचा उंबरठा' असे सुंदर नाव दिले होते. 1991 साली स्वित्झर्लंडमध्ये रूश्लिकोन येथे परिषद भरली, तीत सर्व भाषांना एकच माप असावे असा विचार पुढे आला, आणि 2001 साली ए 1 पासून सी 2 पर्यंत सहा पायऱ्यांची ती चौकट प्रसिद्ध झाली. त्यात बी म्हणजे स्वतंत्रपणे भाषा वापरणारा. कालपर्यंत जो पायाचा शेवट होता तो अशा रीतीने स्वातंत्र्याचा आरंभ ठरला.

या मधल्या काळात आणखी एक प्रश्न डोके वर काढीत होता, आणि आम्हाला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. जर्मन भाषा कोणाची? ऑस्ट्रियात ती आहे, स्वित्झर्लंडमध्ये आहे. मग परीक्षेत मात्र बर्लिन-हानोव्हरचीच का? व्हिएन्नावासी बटाट्याला कार्टोफेल म्हणत नाही, तो एर्डाप्फेल म्हणतो, म्हणजे भुईतले सफरचंद. टोमॅटोला तो पाराडाइझर म्हणतो, जानेवारीला येनर म्हणतो. स्विस माणूस सायकलीला फेलो म्हणतो. वऱ्हाडातला मुलगा पुण्यात येऊन 'आलू' म्हणाला तर त्याला कोणी हसावे आणि त्याचे गुण कापावे, तसाच हा प्रकार. ऑस्ट्रिया 1995 साली युरोपीय संघात शिरला तो 23 खाद्यशब्दांची यादी बरोबर घेऊन. संघाच्या कायद्यांत आमच्या या शब्दांना जर्मनीतल्या शब्दांइतकाच मान राहील, अशी अट त्याने करारनाम्याच्या दहाव्या प्रोटोकॉलमध्ये लिहवून घेतली. बटाट्याच्या सॅलडचे नाव बदलणार नाही, असे जाहीर आश्वासन व्हिएन्नातल्या भिंतींवर तेव्हा लागले होते. हसू येते खरे. पण एका लहान राष्ट्राने मोठ्या शेजाऱ्याला आपल्या स्वयंपाकघराच्या दारात थांबविले, हेही खरे. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1994 साली, ऑस्ट्रियाने आपली स्वतंत्र भाषापरीक्षा सुरू केली होती. तीच ही ओ-एस-डी.

1999 साली मात्र एक चांगली गोष्ट घडली. ग्यॉटे संस्था, लोकविद्यालयांची परीक्षा-संस्था (हिलाच पुढे टेल्क नाव पडले), ऑस्ट्रियाची ओ-एस-डी आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून जुने प्रमाणपत्र नव्याने रचले. त्याला नुसते 'त्सर्टिफिकाट डॉइच' म्हणू लागले. शब्दांच्या यादीत कोणता शब्द कोणत्या देशातला याच्या खुणा आल्या, ध्वनिफितींत तिन्ही देशांचे आवाज आले, आणि विद्यार्थ्याने कोणत्याही देशाचा शब्द वापरला तरी तो बरोबर धरावा असे ठरले. आम्ही तेव्हा वर्गात हे सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे आता शुद्ध जर्मन उरलीच नाही का?" पुण्यातल्या वर्गात हा प्रश्न यायचाच. ज्यांना चार संस्थांत निवड करण्याची डोकेदुखी नको आहे, त्यांच्यासाठी ती चौदा वर्षे सुखाची होती. कोठेही बसा, प्रश्नपत्रिकेचा साचा एकच.

पण त्याच चौदा वर्षांत परीक्षेचा स्वभाव बदलून गेला. 2000 साली जर्मनीने संगणक-तज्ज्ञांसाठी 20 हजार परवाने काढले, तेव्हा आपल्याकडची मुले जर्मनचे अक्षर न शिकता गेली. कोणी विचारले नाही. 1 जानेवारी 2005 पासून नवा स्थलांतर-कायदा आला आणि चित्र पालटले. स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी 600 तासांचे भाषावर्ग आणि शेवटी परीक्षा. कायम वास्तव्याला बी 1 लागू लागले. 2007 च्या दुरुस्तीने नागरिकत्वासाठी हवे असलेले भाषाज्ञान याच प्रमाणपत्राचे नाव घेऊन कायद्यात लिहिले गेले, आणि त्याच वर्षी लग्न करून जाणाऱ्या पतिपत्नींना निघण्यापूर्वीच पहिल्या पायरीची परीक्षा आली. संध्याकाळच्या वर्गातून हौसेने जन्मलेला हा कागद आता दाराची किल्ली झाला. पुढे आलेल्या निळ्या परवान्यावर काम करणाऱ्या इंजिनिअरला आज साध्या ए 1 वर कायम वास्तव्यासाठी 27 महिने थांबावे लागते, आणि बी 1 असेल तर 21 महिने. सहा महिन्यांचे अंतर एका कागदाने पडते.

जे या वर्गांत बसत त्यांत चाळिशीच्या गृहिणी होत्या, आपल्या देशात शाळेची पायरी न चढलेली माणसेही होती. बी 1 मध्ये दोन गुण कमी पडले की हाती काहीच उरत नसे. म्हणून 2009 साली स्थलांतरितांसाठी वेगळी परीक्षा काढण्यात आली. तिच्यात पास-नापास नाही. जितके येते त्याप्रमाणे ए 2 किंवा बी 1 लिहून मिळते. ती ग्यॉटे संस्थेने आणि टेल्कने मिळून रचली. आमच्या मते या सगळ्या इतिहासात परीक्षकाने परीक्षार्थीच्या बाजूने विचार केल्याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय. पण ती जर्मनीत पोचलेल्यांसाठी आहे; पुण्यात, सांगलीत, मडगावात बसून तयारी करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

2013 साली जोडी फुटली. ग्यॉटे संस्था, ओ-एस-डी आणि स्वित्झर्लंडमधील फ्राइबुर्ग विद्यापीठ यांनी नवी बी 1 परीक्षा काढली. टेल्कने जुन्या साच्याची आपली परीक्षा चालू ठेवली. येथून आजची निवड सुरू होते. म्हणजे जिला आमचे विद्यार्थी तीन परीक्षा समजतात, त्या साच्याच्या दृष्टीने दोनच आहेत. ग्यॉटे आणि ऑस्ट्रिया यांची बी 1 एकच. केंद्र कोणते जवळ आहे आणि तारीख कधी मिळते एवढाच त्यांतला फरक. खरा फरक आहे तो नव्या आणि जुन्या साच्यात.

नव्या साच्यात वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार सुटे भाग आहेत. प्रत्येकाला 100 गुण, प्रत्येकात 60 हवेत. एकात कमी पडलात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो, पण एकाचे जास्तीचे गुण दुसऱ्याच्या मदतीला येत नाहीत. व्याकरणाचा वेगळा प्रश्न नाही. लेखनाला मात्र पुरा तास आहे आणि तीन मजकूर लिहावे लागतात. जुन्या साच्यात एकूण 300 गुण, पैकी लेखी 225 आणि तोंडी 75. लेखीत 135 आणि तोंडीत 45 मिळाले की झाले. लेखीत वाचनाचे 75, श्रवणाचे 75, एका पत्राचे 45, आणि गाळलेल्या जागा भरण्याचे 30. हे शेवटचे म्हणजे 1971 च्या व्याकरण-यादीचा नातूच. समजा, एखाद्याला वाचनात 60 मिळाले, व्याकरणात 24, पत्रात 33, आणि श्रवणात फक्त 30. बेरीज 147 होते. टेल्कच्या हिशेबाने तो लेखीत उत्तीर्ण झाला. हेच कान घेऊन तो नव्या परीक्षेला बसला असता, तर श्रवणात शंभरात 40 म्हणजे नापास! माणूस तोच, भाषा तीच, पायरीचे नावही तेच.

आपल्याकडे पुस्तकावरून शिकण्याची सवय फार. व्याकरण घोटून घेणे आम्हालाही आवडते. तेव्हा आपल्या मुलांना कोणता साचा मानवेल हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही आम्ही वर्षानुवर्षे सर्वांना नव्या परीक्षेकडेच पाठवीत आलो. सुटे भाग असलेले बरे, पडले तर एकच पडेल, असे आमचे समर्थन असे. खरे कारण थोडे वेगळे होते. आमची स्वतःची घडण ज्या परंपरेत झाली तिच्यावरची निष्ठा आम्ही विद्यार्थ्यांच्या खात्यावर खर्च करीत होतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातली एक परिचारिका आमच्याकडे आली. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने तिला बी 1 वर बोलाविण्याचे मान्य केले होते. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी बी 2 तिथे जाऊन करायची होती. तिचे वाचन उत्तम, पत्र नीटनेटके, व्याकरण तर आमच्यापेक्षा शिस्तीचे. कान कच्चे होते, कारण गावी जर्मन बोलणारे कोणी नव्हते. रुग्णालयाला दोन्हींपैकी कोणताही दाखला चालला असता. हे आम्ही विचारलेच नाही. आम्ही तिला नव्या परीक्षेला बसविले. तीन भाग ती पहिल्या फटक्यात पार झाली, श्रवणात पडली. पुन्हा बसली, पुन्हा थोडक्यात पडली. प्रत्येक वेळी शुल्क, पुण्याचा प्रवास, तारखेची वाट. तेवढ्यात कराराची मुदत टळली आणि ती जागा दुसरीला गेली. वडिलांनी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र टळले नाहीत. तिने आम्हाला दोष दिला नाही. तिच्या भावाने दिला, आणि त्याचे बोलणे आम्ही मान खाली घालून ऐकले.

दुसऱ्या बाजूने मनात येते की, रोग्याच्या खाटेपाशी उभे राहायचे ते कानांनीच ना? श्रवणात 40 गुण असलेली परिचारिका तेथे काय करणार? हा विचार अगदी खोटा नाही. परंतु तो आम्हाला नंतर सुचला, सल्ला देताना नव्हे. आणि ज्याची किंमत दुसऱ्याने मोजली तो विचार आपल्या समर्थनासाठी वापरू नये, असे आम्हाला वाटते. कोणती परीक्षा चांगली, हा शिक्षकाचा प्रश्न आहे. कोणती परीक्षा या मुलीला, या मुदतीत, या कचेरीसाठी, हा तिचा प्रश्न होता, आणि आम्ही आपलाच प्रश्न सोडवून दिला.

तेव्हापासून आम्ही आधी कचेरीचे पत्र वाचायला मागतो. त्यात संस्थेचे नाव असेल तर वाद मिटला. 'बी 1, मान्यताप्राप्त संस्थेची' एवढेच असेल तर दोन्ही साच्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेतो आणि गुणांची बेरीज विद्यार्थ्यापुढे ठेवतो. चारी अंगे सारखी असतील तर नवी. एक अंग लंगडे आणि मुदत जवळ असेल तर जुनी. मुदत लांब असेल तर लंगडे अंग आधी सुधारा. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केल्यापासून विचारणारे वाढले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना या परीक्षा एकाच दुकानातल्या वेगवेगळ्या किमतीच्या पुड्या वाटतात. शुल्क कोठे कमी आहे, एवढेच ते विचारतात. त्यांना आम्ही त्या 147 गुणांचे गणित फळ्यावर करून दाखवितो.

ती परिचारिका तिसऱ्या खेपेस श्रवणात उत्तीर्ण झाली. दुसऱ्या रुग्णालयाने बोलाविले, आणि ती त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, श्वाबियाच्या एका गावी रुजू झाली. महिन्याभराने तिचा फोन आला. वॉर्डातले म्हातारे काय बोलतात ते तिला एक अक्षर कळत नव्हते. एका आजीबाईंनी जेवणात काहीतरी हवे म्हणून तीनदा सांगितले; शेवटी दुसऱ्या नर्सने ताटाकडे बोट दाखविले तेव्हा उलगडा झाला. आजीबाईंना बटाटा हवा होता. त्या त्याला ग्रोम्बीरा म्हणत होत्या, म्हणजे भुईतले नासपती. "सर, हा शब्द आपल्या यादीत नव्हता," ती म्हणाली. आम्ही यादी काढून पाहिली. नव्हता.